मदत घ्या, मिंधे होऊ नका

प्रति,
जगभरातील प्राणिसंग्रहालये व मत्स्यालये यांची विश्वस्त मंडळे, संचालक आणि निधी-संकलन विभाग

विषय: कंपन्यांच्या प्रायोजकत्वाचे करार

सप्रेम नमस्कार,

आम्ही प्राण्यांची देखभाल, पशुवैद्यक आणि शिक्षण या विभागांत काम करणारी माणसे आहोत. प्रायोजकाशी करार होतो तुमच्या टेबलावर, पण तो राबवला जातो आवारात. पाटी कुठे ठोकायची, पाहुण्यांना कोणत्या दाराने आत घ्यायचे, स्पीकरचे तोंड कोणीकडे करायचे, माहितीफलकावरचे कोणते वाक्य गाळायचे, हे सगळे शेवटी आमच्या हातून होते. म्हणून सही होण्यापूर्वी काय तपासावे आणि काय मुळीच देऊ नये, हे तुमच्यासमोर उघडपणे मांडत आहोत.

कंपन्यांचा पैसा नकोच, असे आमचे म्हणणे नाही. अटलांटाचे जॉर्जिया मत्स्यालय २००५ मध्ये उघडले ते होम डेपोचे सहसंस्थापक बर्नी मार्कस यांनी दिलेल्या २५ कोटी डॉलरच्या जोरावर, आणि तिथल्या दालनांवर आजही कंपन्यांची नावे आहेत. एक्सॉन या तेलकंपनीचे चिन्हच वाघ. तिच्या पैशातून १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय वन्यजीव प्रतिष्ठानाबरोबर ‘सेव्ह द टायगर फंड’ उभा राहिला आणि त्यातली मदत खरोखरच वाघांच्या जंगलांपर्यंत गेली. केवळ तिकिटांवर पशुवैद्यकीय विभाग, विलगीकरण कक्ष आणि प्रजनन कार्यक्रम चालवणे फार थोड्या संस्थांना जमते, हे आम्हाला ठाऊक आहे. आमची तक्रार मदतीबद्दल नाही, मिंधेपणाबद्दल आहे. हे मिंधेपण करारातल्या चार-पाच ठरावीक जागी लपलेले असते.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे: पैसा कंपनीच्या कोणत्या खात्यातून येतो? सामाजिक उत्तरदायित्वाच्या किंवा प्रतिष्ठानाच्या खात्यातून आला, तर वर्षाअखेर कामाचा अहवाल मागितला जाईल. जाहिरात विभागाच्या खात्यातून आला, तर पाटी किती लोकांनी पाहिली आणि समाजमाध्यमांवर किती छायाचित्रे फिरली याचा हिशेब मागितला जाईल. दुसऱ्या प्रकारचा पैसा वाईटच असतो असे नाही. पण ती देणगी नसते, तो सौदा असतो, आणि सौद्यात दुसऱ्या बाजूला काय द्यायचे ते लिहिलेले असते. अशा व्यवहाराला प्रसिद्धिपत्रकात ‘देणगी’ म्हणणे हीच पहिली चूक. तिथून पुढे सगळे शब्द सैल होत जातात.

आता सगळ्यात महाग गोष्टीकडे येतो, ती म्हणजे संस्थेचा आवाज. लोक प्राणिसंग्रहालयाच्या फलकावर विश्वास ठेवतात, कारण तो फलक काही विकत नाही असे त्यांना वाटते. प्रायोजकाला हवा असतो तोच विश्वास. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या ‘अ‍ॅक्वेरियम ऑफ द पॅसिफिक’मध्ये समुद्री पाणमांजरांचे आवार आहे. २०१० मध्ये ते बीपी या तेलकंपनीच्या नावाने, ‘बीपी सी ऑटर हॅबिटॅट’ म्हणून, खुले झाले. त्याच वर्षी २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या विहिरीवर ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटाचा स्फोट झाला आणि समुद्रात तेल पसरले. मत्स्यालयाच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण पाणमांजर हा प्राणी नेमका कोणता आहे ते पाहा. देवमासा किंवा सील यांच्यासारखा चरबीचा जाड थर त्याला नसतो. थंड पाण्यात तो जगतो तो केवळ केसांच्या जोरावर. दर चौरस सेंटिमीटरला लाखाहून जास्त केस, आणि त्यांच्यात अडकलेली हवा. तेलाचा तवंग लागला की केस चिकटतात, हवा निघून जाते, पाणी कातडीपर्यंत पोहोचते आणि प्राणी गारठून मरतो; अंग चाटून साफ करायला गेला तर तेल पोटात जाते. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा हजाराच्या आसपास पाणमांजरांची कलेवरे हाती लागली. हे सगळे पाणमांजराच्या फलकावर लिहायलाच हवे, कारण या प्राण्याबद्दल सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. प्रश्न एवढाच आहे: वर तेलकंपनीचे नाव असताना खाली हे वाक्य लिहिण्याचा हात मोकळा राहतो का?

हात कसा बांधला जातो, याचा कागद एका संग्रहालयाच्या बाबतीत जगापुढे आला आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमने २०२१ मधल्या हवामानबदलावरच्या प्रदर्शनासाठी शेल या तेलकंपनीशी करार केला. प्रायोजकाच्या नावाला किंवा प्रतिष्ठेला बाधा येईल असे विधान किंवा वर्तन संग्रहालय करणार नाही, अशा अर्थाचे कलम त्यात होते. अशी कलमे वकिलांच्या तयार मसुद्यात आपोआप येतात आणि कोणी हटकले नाही तर तशीच राहतात. म्हणून मसुदा हाती आला की आधी हे कलम शोधा. दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रायोजकाचे नाव आणि बोधचिन्ह विटंबनेसाठी वापरणार नाही, एवढे वचन देणे रास्त आहे. त्यांच्या उद्योगाबद्दल, मालाबद्दल किंवा त्यांच्यामुळे होणाऱ्या परिणामांबद्दल बोलणार नाही, हे वचन देण्याचा अधिकार तुम्हाला नाहीच. तो आवाज तुम्हाला प्राण्यांच्या नावाने मिळालेला आहे. उलट करारात एक स्पष्ट वाक्य घालून घ्या: ‘संस्थेचे वैज्ञानिक, शैक्षणिक व संवर्धनविषयक कथन, तसेच कर्मचाऱ्यांची सार्वजनिक मते, यांवर या कराराने कोणतेही बंधन येत नाही.’ प्रायोजक या वाक्याला हरकत घेत असेल, तर तो काय विकत घ्यायला आला होता ते तिथेच कळते.

याच जातीचे दुसरे कलम म्हणजे ‘पूर्वसंमती’. प्रायोजकाचे चिन्ह असलेला प्रत्येक फलक छापण्यापूर्वी त्यांना दाखवायचा, ही अट जवळपास सगळीकडे असते. ती चिन्हाचा आकार, रंग आणि जागा एवढ्यापुरती ठेवा. मजकुरावर संमती नको. मुदतही घाला: पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर संमती मिळाली असे धरले जाईल. ही मुदत नसेल तर मजकूर कोणी नाकारत नाही. तो नुसता पडून राहतो. मग उद्घाटनाची तारीख जवळ येते, अडलेले वाक्य आपणच गाळतो आणि फलक छापायला देतो. दडपण असेच येते. कुणी आवाज चढवत नाही, कुणी पत्र लिहीत नाही.

तिसरे कलम एकाधिकाराचे: अमुक प्रकारचा माल आवारात फक्त आमचाच विकला जाईल. हे उपाहारगृहापुरते आहे असे वाटते, म्हणून शिक्षण विभागाला विचारलेही जात नाही. आता २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये काय झाले ते आठवा. कॅडबरीने तिथल्या चॉकलेटमधल्या कोको बटरचा काही भाग काढून पामतेल घातले. ऑकलंड प्राणिसंग्रहालयाने पामच्या मळ्यांसाठी ओरांगउटानांची जंगले तोडली जातात हे कारण देऊन कॅडबरीचा माल आपल्या विक्रीतून काढून टाकला. ग्राहकांचाही रोष झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने पामतेल मागे घेतले. त्याच वर्षी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयाने खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर पामतेलाचा स्पष्ट उल्लेख असावा म्हणून लोकमोहीम उघडली. प्राणिसंग्रहालयाच्या आवाजाला बाजारात किती वजन असते, हे यातून दिसते. हे पाऊल उचलायला दुकानाची फळी आपल्या ताब्यात असावी लागते. एकाधिकाराचे कलम द्यावेच लागले, तर त्यात ‘संवर्धनाच्या कारणास्तव माल काढण्याचा अधिकार संस्थेकडे राहील, त्याबद्दल भरपाई देय नाही’ एवढी ओळ तरी हवी.

कोणाकडून घ्यावे, या प्रश्नावर बैठकांमध्ये फार भावनिक वाद होतात. त्याची गरज नाही. एक कोरडी पद्धत आहे. ज्या प्राण्याच्या आवारावर नाव लागणार आहे, त्याचे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतले, म्हणजे कोणत्या जातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीतले, पान उघडा. तिथे प्रत्येक जातीचे धोके ठरावीक बारा गटांत नोंदलेले असतात: शेती व मत्स्यपालन दुसऱ्या गटात, ऊर्जा व खाणकाम तिसऱ्या, प्रदूषण नवव्या, हवामानबदल अकराव्या, असे. शेजारी कंपनीचा वार्षिक अहवाल ठेवा आणि उत्पन्न कोणत्या व्यवसायातून किती येते तो तक्ता काढा. धोक्याचा गट आणि उत्पन्नाचा मोठा वाटा एकाच रेघेत आले, तर त्या आवारावर त्या कंपनीचे नाव लागू नये. दुसऱ्या आवाराचा विचार करता येईल का, हा पुढचा प्रश्न. आणि तिथेही हवामानबदलाचा गट बहुतेक पानांवर भेटतो, हे जीवाश्म इंधनाच्या कंपन्यांबाबत लक्षात ठेवा. ही तपासणी नाव समोर येण्यापूर्वी नियम म्हणून लिहून ठेवलेली हवी. धनादेश टेबलावर असताना लिहिलेला नियम त्या धनादेशाच्या मापाचाच निघतो.

कंपनी ‘आमचा माल प्रमाणित आहे’ म्हणाली, तर कोणत्या प्रकारे प्रमाणित, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पामतेलाचेच उदाहरण घ्या. शाश्वत पामतेलाचे गोलमेज मंडळ, म्हणजे आरएसपीओ, २००४ पासून काम करते आणि जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेने २०१७ मध्ये त्याच्याशी सामंजस्य करार केला. या व्यवस्थेत माल चार वाटांनी येतो. एकीत तेल कोणत्या मळ्यातले ते शेवटपर्यंत वेगळे राखलेले असते. दुसरीत अनेक प्रमाणित मळ्यांचे तेल एकत्र होते, पण अप्रमाणिताशी मिसळत नाही. तिसरीत दोन्ही मिसळतात. फक्त प्रमाणित मालाइतकाच हिशेब पुढे नेला जातो. चौथीत कंपनी नुसते पत-दाखले विकत घेते. पाकिटातले तेल कुठूनही आलेले असू शकते. चारही वाटांना ‘आम्ही शाश्वत तेलाला पाठिंबा देतो’ असे म्हणता येते. आमचे मत असे की ओरांगउटानच्या आवारावर नाव लावायचे असेल, तर पहिल्या दोन वाटांच्या खाली उतरू नये आणि तेही कंपनीच्या सगळ्या मालासाठी, एखाद्या खास पाकिटापुरते नव्हे.

‘आत घेतले तर त्यांना बदलता येईल’ हा युक्तिवाद आम्ही नेहमी ऐकतो. संवाद जरूर करा. संवादाला पाटी लागत नाही. आधी बदल, त्याची तारखेनिशी नोंद, आणि मग नाव, हा क्रम ठेवा. नाव आधी लागले की बदलण्याची घाई संपते.

यापुढचा भाग आमच्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रायोजकाला संध्याकाळचा कार्यक्रम हवा असतो: दिवे, संगीत, भाषणे, पाहुण्यांसाठी प्राण्यांची जवळून भेट. यातली प्रत्येक गोष्ट प्राण्याच्या दिवसातून वजा होते.

आवाजाचे घ्या. बहुतेक करारांत डेसिबलची मर्यादा लिहिलेली असते आणि ती डीबी-ए या मापात असते. हे माप माणसाच्या कानासाठी बेतलेले आहे; खालच्या पट्टीतले सूर त्यात मुद्दाम कमी धरले जातात. ६३ हर्ट्‌झला सुमारे २६ डेसिबल आणि ३१.५ हर्ट्‌झला सुमारे ३९ डेसिबल वजा होतात. मोठ्या सबवूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, धडधड नेमकी याच पट्टीत असते. हत्ती मात्र याच पट्टीत, २० हर्ट्‌झच्याही खाली, एकमेकांशी बोलतात. १९८४ मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन यांना हत्तींजवळ उभे असताना हवेतली ती थरथर जाणवली आणि तिथूनच हा शोध लागला. म्हणजे मापक ‘मर्यादेत’ दाखवत असताना हत्तीच्या कानाजवळ गोंगाट चालू असू शकतो. उपाय सोपा आहे. मोजमाप खालचे सूर फारसे कमी न धरणाऱ्या सी किंवा झेड भारांकनात करा. प्राण्याच्या निवाऱ्यात मापक ठेवा, मंचापाशी नको. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात त्याच वेळेची शांत पातळी नोंदवा आणि मर्यादा त्या पातळीशी तुलना करून ठरवा. सबवूफर नकोच म्हणता आले तर सगळ्यात बरे. वटवाघळे आणि लहान सस्तन प्राणी यांचा त्रास उलट टोकाला असतो, माणसाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत, आणि तिथे साधा मापक काहीच दाखवत नाही. स्वस्त एलईडी पडद्यांचे लुकलुकणे माणसाला दिसत नाही, पण पुष्कळ पक्ष्यांची नजर आपल्यापेक्षा वेगवान असते. असा पडदा पक्षिगृहाच्या दृष्टिपथात ठेवू नका.

आग आणि आतषबाजी यांवर चर्चाच नको. १ जानेवारी २०२० च्या मध्यरात्री जर्मनीत क्रेफेल्ड प्राणिसंग्रहालयाच्या वानरगृहावर उडता आकाशकंदील पडला आणि तीसहून जास्त प्राणी जळून गेले. तो कंदील संस्थेच्या कार्यक्रमातला नव्हता, बाहेरून आला होता. मग आपण होऊन आवारात ज्वाला आणण्याचा प्रश्नच उरत नाही. एडिंबरोमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये रोक्सी हे तीन महिन्यांचे तांबड्या पांडाचे पिल्लू गुदमरून मेले. फटाक्यांच्या ताणाचा त्यात हात असावा, असे तिथल्या पशुवैद्यांनी सांगितले. फुगे, कागदी चमक्या, पेनांची टोपणे, किल्ल्यांच्या साखळ्या, प्रायोजकाचे नाव छापलेल्या छोट्या भेटवस्तू: यातले काहीही खंदकात पडले की प्राणी ते तोंडात घालतो. भेटवस्तूंची यादी आठवडाभर आधी पशुवैद्यक विभागाकडे यावी आणि त्यांच्या सहीशिवाय पेटी फाटकातून आत येऊ नये.

प्राण्याच्या ‘खास भेटी’बद्दल करारात चार गोष्टी हव्यात. प्राणी समोर येईलच, अशी हमी संस्था देत नाही. त्याला आत-बाहेर दोन्हीकडे जाण्याची दारे उघडी राहतील. पाहुण्यांच्या हातून दिले जाणारे खाद्य त्या दिवसाच्या ठरलेल्या खाद्यातूनच वजन करून काढले जाईल, वरचे म्हणून नाही. आणि कीपर (प्राण्यांची रोजची देखभाल करणारा कर्मचारी) किंवा पशुवैद्य यांनी ‘आज नाही’ म्हटले की भेट रद्द, त्यासाठी संस्थेला दंड नाही आणि त्या कर्मचाऱ्याला जाब नाही. चौथी अट कागदावर नसेल तर पहिल्या तीन टिकत नाहीत. पन्नास पाहुणे दारात उभे असताना एकट्या कीपरला ‘नाही’ म्हणायला लावणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

छायाचित्रांचाही विचार करा. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक पाहणी छापली. गोरिला धोक्यात आहे हे ९५ टक्के लोकांना माहीत होते, ओरांगउटानबद्दल ९१ टक्के, चिंपांझीबद्दल मात्र फक्त ६६ टक्के. चिंपांझी धोक्यात नाही असे वाटण्याचे सर्वाधिक सांगितलेले कारण होते, चिंपांझी जाहिरातींत आणि पडद्यावर सारखे दिसतात. माणसाच्या कपड्यांतला, माणसाच्या खुर्चीवरचा, माणसाच्या मांडीवरचा प्राणी पाहिला की तो भरपूर आहे असे लोकांना वाटते. म्हणून प्रायोजकाला छायाचित्रे द्या, पण ती प्राण्याच्या आवारातली, त्याच्या स्वाभाविक वर्तनाची. माणूस आणि प्राणी एका चौकटीत नकोत, बोधचिन्ह प्राण्याच्या अंगावर किंवा खेळण्यावर नको. हक्क कराराच्या मुदतीपुरतेच द्या, ‘कायमस्वरूपी’ हा शब्द खोडून टाका.

वस्तूंच्या रूपाने येणारी मदत निरुपद्रवी वाटते. तसे नसते. उरलेली फळे फुकट मिळतात म्हणून खाद्याचा तक्ता बदलला की साखर वाढते. माणसासाठी पिकवलेल्या फळांत रानफळांपेक्षा साखर जास्त आणि तंतू कमी असतात. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने २०१४ मध्ये याच कारणासाठी माकडांची केळी बंद केल्याचे जाहीर केले. नव्या जस्तलेपित जाळीवरचे जस्त पोपट कुरतडून खातात आणि त्यांना विषबाधा होते. टिकाऊपणासाठी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकची प्रक्रिया केलेले लाकूड चावणाऱ्या प्राण्याजवळ नेता येत नाही. म्हणून नियम असा: गरजेची यादी आधी आपण द्यायची, मालाच्या घटकांचा कागद मागायचा, आणि नाकारण्याचा अधिकार राखायचा. ट्रक आल्यावर जागा शोधायची वेळ येऊ नये.

आता काळाचा हिशेब. प्रायोजकत्व साधारण तीन ते पाच वर्षांचे असते. हत्ती साठीपर्यंत जगतो, चिंपांझी पन्नाशी गाठतो, आणि अ‍ॅडलेड प्राणिसंग्रहालयातला एक रोहित पक्षी २०१४ मध्ये मेला तेव्हा किमान ८३ वर्षांचा होता. पाटी उतरली तरी प्राणी तिथेच असतो. फिनलंडच्या अ‍ॅह्‌टारी प्राणिसंग्रहालयाने ८० लाखांहून अधिक युरो खर्चून पांडांसाठी घर बांधले. २०१८ मध्ये आलेली जोडी १५ वर्षे राहायची होती. वर्षाचा खर्च सुमारे १५ लाख युरो होता, तो पेलला नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जोडी चीनला परत गेली. बांधकामासाठी पैसा मिळतो, चालवण्यासाठी मिळत नाही, हा धडा आमच्या मते प्रत्येक विश्वस्त मंडळाने भिंतीवर लावावा. पाण्याच्या गाळण्यांवर, शीतयंत्रावर, विलगीकरण कक्षावर किंवा शवविच्छेदनाच्या टेबलावर कोणालाच आपले नाव नको असते, आणि आवार बंद पडते ते बहुधा याच गोष्टींमुळे.

गणित असे करा. कायम निधीतून दरवर्षी ४ टक्के काढायचे ठरवले, तर वार्षिक खर्चाच्या २५ पट निधी लागतो. आवार चालवायला वर्षाला १० एकके लागत असतील, तर २५० एककांचा निधी. एवढा कोणी देणार नाही, हे उघड आहे. मग निदान बांधकामाच्या रकमेबरोबर एक ठरावीक वाटा देखभाल निधीत आधी जमा व्हावा आणि पाटी त्यानंतर लागावी. उरलेला खर्च कुठून येणार, हे मंडळाच्या इतिवृत्तात आकड्यांनिशी लिहिलेले असावे. हे आकडे लिहिता येत नसतील, तर आवार बांधू नका. प्रायोजक मिळाला हे नवा प्राणी आणण्याचे कारण होऊ शकत नाही. तसेच पिल्ले कधी व्हावीत हे प्रजाती-समन्वयकाच्या वंशनोंदवहीवरून ठरते, कंपनीच्या वर्धापनदिनावरून नव्हे. पिल्लू गर्दी खेचते आणि दोन वर्षांत मोठे होते. मग त्याला जागा कुठे आहे, हे प्रायोजक विचारत नाही.

नावाचा शेवटही सुरुवातीलाच लिहून ठेवावा. १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाला एन्रॉन या ऊर्जाकंपनीचे नाव ३० वर्षांसाठी दिले गेले. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली, आणि नाव काढायला संघालाच २१ लाख डॉलर मोजून हक्क परत घ्यावे लागले. लूव्रने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या धंद्यामुळे बदनाम झालेल्या सॅकलर या देणगीदार कुटुंबाचे नाव दालनांवरून उतरवले. म्हणून करारात नाव काढण्याची कारणे यादीने लिहा: दिवाळखोरी, फौजदारी दोषसिद्धी, पर्यावरणीय कायद्याचा गंभीर भंग, कंपनीची मालकी बदलणे, मुख्य व्यवसाय बदलणे. काढण्याचा खर्च कोणाचा तेही लिहा. खर्च झालेली रक्कम परत करावी लागणार नाही, हे तर हवेच. आणि एक कारागिरीची गोष्ट: नाव दगडात कोरू नका, काँक्रीटमध्ये ओतू नका. चार मळसूत्रांवर बसवलेली वेगळी पट्टी करा. ती तासाभरात उतरते.

प्रायोजकही निघून जातात, हे विसरू नका. अमेरिकेतली साउथवेस्ट विमानकंपनी आणि सागरी प्राण्यांची उद्याने चालवणारी सीवर्ल्ड यांची भागीदारी २६ वर्षांची होती; ओर्का (‘किलर व्हेल’) रंगवलेली विमाने उडत होती. ओर्कांच्या बंदिवासाबद्दल लोकमत फिरले आणि २०१४ मध्ये ती भागीदारी संपली. सीवर्ल्डने ओर्कांचे प्रजनन थांबवल्याचे जाहीर केले ते २०१६ मध्ये. कोणत्याही एका कंपनीवर वर्षाच्या खर्चाचा किती भाग अवलंबून राहू द्यायचा, याची वरची मर्यादा मंडळाने ठरवून जाहीर करावी.

प्रायोजकांना सिंह, वाघ आणि पांडा हवे असतात. टांझानियातला किहान्सी फवारा-बेडूक कोणाच्या भित्तिपत्रकावर आला नाही. जलविद्युत प्रकल्पाने धबधब्याचे पाणी वळवले, तुषार थांबले, बेडकांची संख्या कोसळू लागली. २००० साली ४९९ बेडूक अमेरिकेत ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयाकडे नेले, २००९ मध्ये जात रानातून नामशेष जाहीर झाली आणि २०१२ मध्ये प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले बेडूक परत त्याच घळीत सोडले. प्राणिसंग्रहालय असण्याचे याहून चांगले कारण आम्हाला माहीत नाही. प्रत्येक प्रायोजकत्वातला काही वाटा अशा न दिसणाऱ्या जातींच्या निधीत आपोआप वळता व्हावा, आणि ही अट पहिल्याच भेटीत सांगितली जावी.

शेवटी एक स्पष्ट मागणी. प्रत्येक कराराचा गोषवारा संकेतस्थळावर आणि वार्षिक अहवालात टाका: कंपनीचे नाव, रक्कम, मुदत, संस्था बदल्यात काय देते, आणि कोणत्या गोष्टींवर प्रायोजकाची संमती लागते. व्यापारी गुपिताचे कारण देऊन हे झाकले जाते, पण लोकांपुढे मांडायला संकोच वाटावा असे कलम बहुधा सही करण्यासारखेही नसते. करार तपासणाऱ्या समितीत एक कीपर, एक पशुवैद्य आणि एक शिक्षण-अधिकारी असावा, आणि त्यांचे मत विरोधी असल्यास ते इतिवृत्तात नोंदले जावे.

नवे करार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पुढच्या बैठकीपूर्वी चालू करारांची कागदपत्रे काढा आणि त्यांत चार शब्द शोधा: पूर्वसंमती, एकाधिकार, प्रतिष्ठा, कायमस्वरूपी. जिथे सापडतील तिथे खूण करा. ही कलमे बदलायला नूतनीकरणाची वाट पाहावी लागत नाही. एका पानाचा पुरवणी करार पुरतो. तो मागण्याची योग्य वेळ म्हणजे प्रायोजक समाधानी असतानाची, आवारात सगळे ठीक चाललेले असतानाची.

आपले विश्वासू,
प्राणी देखभाल, पशुवैद्यक आणि शिक्षण विभागांत काम करणारे आम्ही